शनिवारी पहिल्यांदा काउन्सेलिंगला जाऊन राहिली आहे, तिथे नेमकं काय विचारतात?

निनावी_मानेवाडा (मंगळवार, रात्री ११:५२)

नमस्कार सगळ्यांना. नवीन आयडी काढून लिहून राहिली आहे, त्यामुळे जुनी ओळख कोणी विचारू नका प्लीज. नागपूरचीच आहे, वय २७, नोकरी करते. चार वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाने माझ्यावर जबरदस्ती केली, ह्याच्यापेक्षा जास्त इथे लिहिणार नाही. घरी कोणालाच माहीत नाही, पोलिसातही गेले नव्हते. इतके दिवस वाटायचं की झालं ते झालं, पण मागच्या दिवाळीपासून झोपेची पार वाट लागली आहे, रात्री दोन-तीनदा उठून दाराची कडी बघते, लावलेली असते तरी बघते, आणि ऑफिसात कोणी मागून येऊन टेबलावर हात टेकवला तरी अंगातून करंट गेल्यासारखं होते मग अख्खा दिवस वाया. एका मैत्रिणीला झोप लागत नाही एवढंच सांगितलं होतं तर तिने धरमपेठेतल्या एका काउन्सेलर मॅडमचा नंबर दिला. तीन आठवडे नंबर नुसता मोबाईलमध्ये पडून होता. काल लंच टाइममध्ये जिन्यात जाऊन फोन लावला, शनिवारी १२ ची अपॉइंटमेंट मिळाली आणि तेव्हापासून पोटात गोळा आहे.

ज्या जाऊन आल्या आहेत त्यांनी सांगा, पहिल्याच दिवशी सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावं लागते का? मला ते तोंडाने बोलताच येत नाही. त्या पोलिसांना कळवतात का, घरी फोन करतात का? आणि रडू आलं तर लाज वाटेल, पण खरं म्हणजे मला रडू येतच नाही, तर त्यांना वाटणार नाही ना की ही खोटं बोलून राहिली? किती वेळा जावं लागते, पैसे किती, चार वर्षांनी जाऊन काही उपयोग असतो का...

आईला दाढ दुखते, डेंटिस्टकडे जाते म्हणून सांगितलं आहे.

सकारात्मक_विदर्भ (बुधवार, सकाळी ७:१०)

ताई, जुन्या गोष्टी उकरून काढल्या की त्रासच होतो. चार वर्षं झाली ना, आता विसरून पुढे जा. रोज सकाळी अंबाझरीला फिरायला जा, प्राणायाम करा, मन रमवा. हे काउन्सेलिंगवाले लोक नुसते पैसे उकळतात. चूकभूल माफ.

बर्डीची_मैना (बुधवार, सकाळी ९:३५)

काहून बाप्पा, तिने विचारलं काय आणि तुम्ही सांगून काय राहिले? विसरता आलं असतं तर रात्री तीन वाजता कडी बघायला उठली असती का ती? बरं ते जाऊ द्या.

निनावी, मी गेली आहे. चौदा महिने गेली. तुझ्यासारखीच उशिरा गेली, माझी तर सहा वर्षं झाली होती, त्यामुळे उशिराचं डोक्यातून काढून टाक.

सगळ्यात आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं. नाही, सांगावं लागत नाही. मी पहिल्या दिवशी फक्त एवढंच म्हटलं की "कॉलेजात असताना एक गोष्ट झाली होती" आणि तोंड बंद. मॅडम म्हणाल्या, बरं, त्या गोष्टीकडे जायची आज गरज नाही, आजकाल तुम्हाला काय त्रास होतो ते सांगा. मग आम्ही झोपेवर बोललो, जेवणावर बोललो, मी रिक्षात कुठल्या बाजूला बसते ह्याच्यावर दहा मिनिटं बोललो, खरंच. त्या गोष्टीवर पहिल्यांदा नीट बोलले तेव्हा सातवी की आठवी भेट होती आणि तेही तुकड्यातुकड्यांनी.

आता एक किस्सा सांगते म्हणजे तुला अंदाज येईल की आत काय चालते. मी पहिल्यांदा गेली ते मे महिन्यात, आपल्याकडचा मे, बाहेर ४५ डिग्री. त्यांच्या खोलीत डेझर्ट कूलर, नवीन खस लावलेली, ओल्या खसेचा वास सगळीकडे. लोकांना तो वास किती आवडते! माझं मात्र त्या वासाने डोकंच बंद पडते, कारण तेव्हा त्या खोलीत कूलर चालू होता. मी दारातच उभी राहिली, आत पाय टाकवेना आणि कारण सांगता येईना. मॅडमनी दोन मिनिटं वाट बघितली आणि विचारलं, ह्या खोलीतलं काही बदलू का? मी कूलरकडे बोट दाखवलं. त्यांनी काहून-बिहून काही विचारलं नाही, उठल्या, कूलर बंद केला, खिडकी उघडली. मग आम्ही दोघी चाळीस मिनिटं घामाने निथळत बसलो. त्यांच्या कपाळावरचा घाम नाकावर ओघळत होता आणि त्या रुमालाने पुसून पुन्हा माझं ऐकत होत्या. मला त्या दिवशी काही सल्ला-बिल्ला मिळाला नाही पण मी खाली उतरली आणि गाडीवर बसून ठरवलं की पुढच्या आठवड्यात येते.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये त्यांनीच विचारलं, ह्या वर्षी कूलरचं काय करायचं? मग आधी खसेची एक काडी टेबलावर कोरडी ठेवली, पुढच्या वेळी ओली करून, मग कूलर पण नुसता पंखा, पाणी नाही. पाच-सहा आठवडे असा पोरखेळ चालला होता. शेवटी चालू केला तो मी स्वतः, बटण मी दाबलं. अजूनही वास आवडत नाही, पण लग्नाच्या हॉलमध्ये कूलरसमोर खुर्ची आली तर उठून पळत नाही.

रडायचं म्हणशील तर मी पाच महिने रडले नव्हते. त्यांना ते माहीत असते, सगळ्यांना रडू येत नाही, काही जणी तर हसतात सांगताना.

पैसे माझ्याकडून ८०० घेत होत्या एका वेळचे, मधे माझी नोकरी गेली तेव्हा ३०० केले. विचारायला लाजू नको, फोनवरच विचार.

आणि हो, ह्या मॅडम माझ्या दुसऱ्या. पहिल्या ठिकाणी (नाव नाही घेत) एकच वेळा गेली होती. त्या बाईंनी दहाव्या मिनिटाला विचारलं, मग लग्नाचं काय ठरवलंय, होणाऱ्या नवऱ्याला सांगणार का? घरी येऊन दोन वर्षं पुन्हा कुठे गेले नाही. तुझं तसं झालं तर दोन वर्षं घालवू नको, दुसरीकडे जा.

निनावी_मानेवाडा (बुधवार, दुपारी १:२०)

मैनाताई, तुमचं ऑफिसच्या वॉशरूममध्ये उभं राहून वाचलं. थँक्यू. कूलरचं दोनदा वाचलं.

एक गोष्ट विचारायची राहिली. ती सांगायची हिंमत नव्हती काल. ते झाल्यावर मी त्याच्याशी बोलणं बंद नाही केलं. नेहमीसारखी बोलत होते, मेसेजला उत्तर देत होते, महिन्याभराने त्याच्या बहिणीचं लग्न होतं तर मी पंगतीत वाढायला उभी होते, त्याच्या पानातही वाढलं. आणि त्या वेळी मी ओरडले पण नव्हते, अंग लाकडासारखं झालं होतं. हे ऐकून काउन्सेलर म्हणतील ना की मग जबरदस्ती कशी? मी स्वतःच म्हणते कधी कधी.

ओपीडी_नंतरचा_चहा (बुधवार, रात्री १०:०५)

मी नागपुरातच एका हॉस्पिटलात सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, अकरा वर्षं हेच काम. तुमचं काउन्सेलिंग इथे करणार नाही, ते बरोबरही नाही, पण तिथे काय होईल ते सांगते.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न. ज्या काउन्सेलरने ह्या विषयात थोडंफार जरी काम केलंय तिला ह्यात काहीही नवल वाटणार नाही. भीती एका पातळीच्या वर गेली की शरीर लढत नाही आणि पळतही नाही, गोठतं. आवाज फुटत नाही, हातपाय हलत नाहीत. हे तुम्ही ठरवून केलेलं नसतं. आणि नंतर नेहमीसारखं बोलत राहणं तर इतकं कॉमन आहे की काय सांगू, ओळखीचा माणूस असेल तर बऱ्याच जणी तेच करतात, काहीच झालं नाही असं वागलं तर काहीच झालं नाही असं होईल, ही आशा असते. लग्नात वाढलं म्हणजे होकार होता असं होत नाही हो.

आता शनिवार. साधारण ४५ ते ६० मिनिटं असतात. सुरुवातीला त्या गोपनीयतेबद्दल सांगतील, नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. तुम्ही सांगितलेलं तुमच्या आईला, मैत्रिणीला, ऑफिसला, कोणालाही सांगता येत नाही. अपवाद दोन-तीनच आहेत, तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला आत्ता धोका असेल तर, १८ च्या आतल्या मुलामुलीवर अत्याचार होतोय असं कळलं तर (पोक्सो कायद्याप्रमाणे ते कळवावंच लागतं) आणि कोर्टाने मागितलं तर. तुमच्या केसमध्ये तुम्ही सज्ञान आहात, तक्रार करायची की नाही हे तुम्ही ठरवायचं. इमर्जन्सी काँटॅक्ट म्हणून आईचाच नंबर द्यायला हवा असं नाही, मैत्रिणीचा द्या आणि शेजारी लिहा, मला विचारल्याशिवाय फोन करू नये.

मग झोप, भूक, पाळी, कुठली औषधं चालू आहेत का, दारू-सिगरेट, असं विचारतील. तो माणूस अजून आसपास आहे का हेही विचारतील, कारण रोज समोर येत असेल तर आधी त्याचा बंदोबस्त, बाकी नंतर. आणि एक प्रश्न नक्की येईल, मरून जावंसं वाटतं का, स्वतःला इजा केली आहे का. दचकू नका. तो प्रत्येकीला विचारतात आणि हो म्हटलं म्हणून लगेच कोणी ॲडमिट करून टाकत नाही.

लोकांचा एक मोठा गैरसमज आहे की एकदा सगळं भडाभडा बोलून टाकलं की मोकळं होतं माणूस. सिनेमात होतं तसं. प्रत्यक्षात एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्याने फायदा होत नाही हे अभ्यासांत दिसलं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका म्हणते. म्हणून चांगली काउन्सेलर तुम्हाला उलट थांबवेल. आधी तुम्हाला स्वतःला सावरता यावं, म्हणजे रात्री तीन वाजता उठल्यावर काय करायचं, ऑफिसात करंट लागला की पाय जमिनीला टेकवून आजूबाजूच्या पाच वस्तू मोजायच्या, असलं साधं. ते साधं दिसतं पण आठवणीत अडकलेलं डोकं त्याने ह्या खोलीत, ह्या वारी परत येतं. ते जमू लागलं की मग आठवणीवर काम.

त्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. एकीत "माझीच चूक होती", "आता कोणावरच विश्वास नको" हे जे विचार घट्ट बसलेले असतात ते लिहून काढून तपासतात, साधारण बारा बैठकांची असते ती, घरी करायला गृहपाठही देतात. दुसरी ईएमडीआर, त्यात आठवण मनात धरून डोळे डावीउजवीकडे हलवायला सांगतात, बघायला विचित्र वाटतं पण ते संमोहन नाही, तुम्ही पूर्ण शुद्धीवर असता आणि कधीही थांब म्हणू शकता. कोणाला काय लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. काहींना बारा भेटी पुरतात, मैनाताईंसारखं चौदा महिनेही लागतात, काही जणी चार वेळा येऊन झोप लागू लागली की थांबतात आणि दोन वर्षांनी परत येतात. चालतं.

गोळ्या काउन्सेलर देत नाही, सायकॉलॉजिस्टही नाही, त्या सायकियाट्रिस्ट लिहून देतात. गरज वाटली तर पाठवतील. डिप्रेशनवरच्या काही गोळ्या ह्यातही चालतात, पण दोन दिवसांत फरक पडत नाही, काही आठवडे जातात. तेवढं एक पाळा, मेडिकलवाल्याकडून परस्पर झोपेची गोळी आणू नका. रोज दोन जणी तरी ते करून येतात माझ्याकडे.

आणि ह्याची मी आधीच कल्पना देते नेहमी, भेटीनंतरचे एक-दोन दिवस जास्त खराब जाऊ शकतात. स्वप्नं वाढतात, उगाच चिडचिड होते. म्हणजे काही चुकलं असं नाही. शनिवारी दुपारनंतर कोणाला वेळ देऊ नका, आणि उपाशी पोटी जाऊ नका. पण आठवड्यामागून आठवडे नुसतं बिघडतच चाललंय असं झालं तर तसं तोंडावर सांगायचं त्यांना.

त्यांचं शिक्षण विचारा. आपल्याकडे काउन्सेलरची पाटी कोणीही लावू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं) रजिस्ट्रेशन असायला हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सरळ विचारा, लैंगिक हिंसेच्या केसेस केल्या आहेत का? चांगल्या बाईला ह्या प्रश्नाचा राग येत नाही. कपडे काय घातले होते, एवढ्या रात्री गेल्याच कशाला, माफ करून टाका म्हणजे शांती मिळेल, असलं काही आलं, किंवा न विचारता पाठीवर हात फिरवू लागल्या, तर पर्स उचला आणि निघा.

खाजगी परवडलं नाही तर मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) आणि मेयो, ह्या दोन्ही सरकारी हॉस्पिटलांत मानसोपचार ओपीडी आहे. गर्दी असते, खोटं कशाला बोलू, डॉक्टर बदलतात आणि पहिल्या दिवशी रांगेत अर्धा दिवस जातो, पण काम होतं. रात्री-बेरात्री फार वाईट वाटलं तर १४४१६ लावा, टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि कोणाकडून धोका असेल तर १८१ किंवा ११२.

निनावी_मानेवाडा (बुधवार, रात्री ११:३१)

"काहीच झालं नाही असं वागलं तर काहीच झालं नाही असं होईल"... हे मी कोणाला कधी बोलले नव्हते, तुम्हाला कसं माहीत.

तो आता पुण्यात असतो. समोर येत नाही. पण समजा उद्या कधी तक्रार करावीशी वाटली तर आता उशीर झाला का? आणि मग काउन्सेलरकडे बोललेलं कोर्टात माझ्याच विरुद्ध वापरतात का? कोणी वकील असेल तर.

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स (गुरुवार, सकाळी ८:४८)

मी वकील आहे. थोडक्यात लिहितो, तारीख आहे.

उशीर झालेला नाही. बलात्काराच्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची म्हणून जुना भादंवि (भारतीय दंड विधान) लागेल, नवी न्याय संहिता नाही, एवढाच फरक. उशिराचं कारण कोर्ट विचारतं, त्याचं उत्तर द्यावं लागतं आणि उलटतपासणीत त्यावर घासतात हे खरं आहे, गोड बोलून काय उपयोग. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द नसली तरी झिरो एफआयआर नोंदवतात, जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. तुमचं नाव छापणं, जाहीर करणं हा गुन्हा आहे.

ओरडला नाहीत ह्याबद्दल. १९७२ सालचं मथुरा प्रकरण आपल्या देसाईगंजचं, तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. पोलीस चौकीत झालेला प्रकार. खालच्या कोर्टाने पोलिसांना सोडलं, आपल्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं, अंगावर जखमा नाहीत, विरोध केल्याच्या खुणा नाहीत म्हणून. त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने तर कायद्यात स्पष्टच लिहिलं की नुसता शारीरिक विरोध केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही. तेव्हा तुम्ही स्वतःवर जो खटला चालवताय तो आजच्या कायद्याप्रमाणेही टिकत नाही.

काउन्सेलिंगच्या नोंदींचं. वकील-अशील बोलण्याला जसं कायद्याचं संरक्षण आहे तसं काउन्सेलरच्या नोंदींना नाही, कोर्ट मागवू शकतं. अनुभवी काउन्सेलर म्हणूनच नोंदी त्रोटक ठेवतात. पण ह्या भीतीने जाणं टाळू नका. उपचार घेतले म्हणून केस पडत नाही, काही वेळा उलट तोच पुरावा उपयोगी पडतो.

बाईला उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, १५१०० नंबर. मनोधैर्य योजनेचा (पीडितेला राज्य सरकारची आर्थिक मदत) अर्जही तिथेच जातो पण त्याला एफआयआर लागतो. आणि वकिलालाही नुसतं विचारून येता येतं, विचारलं म्हणजे केस केली असं नाही.

जुने मेसेज डिलीट करू नका. ठेवायचे, बघायचे नाहीत.

सकारात्मक_विदर्भ (गुरुवार, सकाळी ११:१५)

माझा हेतू चांगला होता. वाचतोय सगळं. माझी पुतणी तुमच्याच वयाची आहे. काही चुकलं असेल तर सॉरी ताई.

स्प्लेंडर_७८ (गुरुवार, रात्री ९:४०)

मी लिहू की नको विचार करत होतो. माझ्या बायकोसोबत लग्नाच्या आधी असं झालं होतं, मला लग्नानंतर तीन वर्षांनी कळलं. ती वर्षभर जात होती, मी न्यायला-आणायला. सोबत कोणी येणार असेल तर त्याच्यासाठी लिहितो. पहिल्या दिवशी गाडीवर बसल्या बसल्या मी विचारलं, काय विचारलं त्यांनी, तू काय सांगितलं. ती घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. पुढच्या वेळी मी काही विचारलं नाही, शंकरनगरला रसवंतीवर गाडी थांबवली, दोघांनी रस प्यायला, ती आपोआप म्हणाली की आज डोकं दुखते. मग दर वेळचा तोच कार्यक्रम. बिनबर्फाचा तिचा, माझा बर्फाचा. कधी सांगायची, कधी नाही.

मधे एकदा मॅडमनी मलाही बोलावलं होतं, ती म्हणाली म्हणून. मला वाटलं माझी झाडाझडती घेतात की काय. त्यांनी मलाच विचारलं, तुम्हाला झोप लागते का?

बर्डीची_मैना (शुक्रवार, संध्याकाळी ६:२२)

निनावी, उद्यासाठी एवढंच, मेट्रोने येत असशील तर बर्डीला बदलून शंकरनगर स्टेशनला उतर, गाडी शोधायचं आणि लावायचं टेन्शन नाही. रुमाल ने, पाण्याची बाटली ने. आणि अर्ध्यातून उठून यावं वाटलं तर उठून ये, फी दिली की विषय संपला.

निनावी_मानेवाडा (शनिवार, रात्री १०:१४)

जाऊन आले.

लिफ्ट बंद होती, तिसऱ्या मजल्यावर चालत गेले, पहिल्या मजल्यावर एक खरंच दातांचा दवाखाना आहे, दोन मिनिटं तिथल्या बाकावर बसले. वाटलं इथूनच परत जावं. मग रिसेप्शनच्या मुलीने विचारलं नंबर लावू का आणि मी घाबरून वर पळाले.

मॅडम माझ्या मोठ्या मावशीच्या वयाच्या आहेत, आवाज जरा खरखरीत आहे, मला आधी आवडल्या नाहीत खरं सांगते. खोलीत एसी होता. त्यांनी विचारलं कुठे बसायचं, मी दाराकडे तोंड येईल अशी खुर्ची घेतली, तर त्या म्हणाल्या दार उघडं ठेवायचं असेल तर अर्धं ठेवू, बाहेर कोणी नाही. अर्धंच ठेवलं. मी ओपीडीताईंनी सांगितलेलं विचारलं, अशा केसेस केल्या आहेत का, माझा आवाज एवढा बारीक निघाला की दुसऱ्यांदा विचारावं लागलं. त्या म्हणाल्या हो, बऱ्याच, आणि विचारलंत ते बरं केलं.

मरावंसं वाटते का हा प्रश्न आला. माहीत होतं म्हणून दचकले नाही. उत्तर इथे लिहित नाही पण खरं सांगितलं.

मग बराच वेळ दाराच्या कडीवरच बोललो. किती वाजता उठते, कडीला हात लावते की नुसती बघते, हात लावल्यावर किती वेळ बरं वाटते. मला वाटत होतं त्या म्हणतील बघू नका, तर म्हणाल्या सध्या बघा, फक्त बघताना मोठ्याने म्हणा "लावली आहे, शनिवार आहे, मी घरी आहे". मला हसू आलं. आज रात्री करून बघते, आई शेजारच्या खोलीत असते, हळूच म्हणावं लागेल.

पंगतीचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, ते सांगायचं ठरवलं नव्हतं, एकदम निघालं. "मी त्याच्या पानात जिलबी वाढली" एवढंच म्हटलं आणि पुढचं काही येईना. त्या काही बोलल्या नाहीत थोडा वेळ. मग म्हणाल्या, आज इथपर्यंतच थांबलो तर चालेल का? अजून पंधरा मिनिटं बाकी होती. उरलेल्या वेळात त्यांनी विचारलं इथून कुठे जाणार, काय खाणार. मी म्हटलं घरी. तर म्हणाल्या घरी जायच्या आधी काहीतरी खा. मग बर्डीला उतरून तर्री पोहे खाल्ले, तिखट लागले, डोळ्यात पाणी आलं, ते तर्रीचंच होतं.

७०० घेतले. पुढच्या शनिवारची अपॉइंटमेंट आहे. आत्ता फार थकल्यासारखं वाटते, ताप येऊन गेल्यावर वाटते तसं.

घरी आले तर आईने मऊ खिचडी करून ठेवली होती, मिरची न घालता, दाढेसाठी. वरून चमचाभर तूप. समोर बसून विचारत होती, दुखते का गं, उजवीकडून चाव. मी उजवीकडून चावत होते. तिला म्हटलं रूट कॅनल आहे, पुन्हा जावं लागेल. आता ती रोज विचारेल. रूट कॅनलला किती वेळा जावं लागते हो, कोणाला माहीत आहे का?

बर्डीची_मैना (शनिवार, रात्री १०:२९)

माझी दाढ चौदा महिने चालली ना बाई. आईला सांग डॉक्टर हळूहळू काम करते.